पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय? उचलून आणलेल्या मांजराच्या पिल्लांचं निदान आणि त्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न आले. काहींनी विचारलं, मांजराच्या पिल्लांचा कसला आलाय इतिहास? आणि काहींनी सरळ कळवलं, घरी पिल्लू आणलंय, टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, आता काय करू? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नाही, ते तुमच्या डॉक्टरांकडे. आमच्याकडे आहे तो ‘पॉझिटिव्ह’ या शब्दामागचा इतिहास. पण तो ऐकल्यावर डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा हे तुम्हाला अधिक नीट कळेल, अशी आमची समजूत आहे.

सुरुवात ओळखीच्या प्रसंगापासून करू. पावसाचे दिवस. सोसायटीच्या पार्किंगमधे गाडीखालून बारीक आवाज येतोय. वाकून बघावं तर ओलंचिंब पिल्लू, डोळे चिकटलेले, पोट फुगलेलं. कुणीतरी बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल घालून ते डॉक्टरांकडे नेतं. डॉक्टर पहिली गोष्ट विचारतात ती म्हणजे हिस्टरी. वय किती? आई कुठे? भावंडं होती का, ती कशी आहेत? लस? या सगळ्याला आपलं उत्तर एकच: माहीत नाही.

उचलून आणलेल्या पिल्लाला हिस्टरी नसते. आजच्या व्याख्यानाची गोम इथे आहे. हिस्टरी नसते म्हणून सगळा भार टेस्टवर पडतो. आणि गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुन्हा पुन्हा असं घडलंय की टेस्टने उत्तर बरोबर दिलं, पण ते आपण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं. त्या गैरसमजाची किंमत पिल्लांनी मोजली.

मांजर पेशंट कधी झालं?

पशुवैद्यकाची आधुनिक शाळा पहिल्यांदा निघाली ती फ्रान्समधल्या ल्यों शहरात, १७६१ साली. क्लोद बूर्जला हे तिचे संस्थापक. तिच्यामागचं एक मोठं कारण होतं गुरांची साथ, आपण जिला बुळकांडी म्हणतो ती. म्हणजे या शास्त्राचा जन्मच मुळी गोठ्यात आणि तबेल्यात झाला. आपल्याकडे परळला १८८६ साली बॉम्बे व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं, तेव्हाही भर घोड्यांवर आणि गुरांवर. शेती, वाहतूक, लष्कर, सगळं त्यांच्यावर चालायचं. मांजराच्या उपचारावर पैसे कोण खर्च करणार?

मांजर वैद्यकाच्या नजरेत यायचं ते उपयोगापुरतं. याचं एक उदाहरण आपल्या अमरावतीचं आहे. प्लेगच्या काळात अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर तिथे होते. मांजरं पाळा, उंदीर कमी होतील आणि प्लेगला आळा बसेल, अशी मांडणी त्यांनी १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे केली. मांजर औषध म्हणून आलं, रोगी म्हणून नव्हे. हे लक्षात ठेवा, कारण मांजरांच्या आजारांचं ज्ञान इतकं उशिरा आणि इतकं तुकड्यातुकड्यांनी का आलं, त्याचं कारण यात आहे.

विषबाधा, की आणखी काही?

पहिला आजार पॅनल्युकोपेनियाचा. आपल्याकडे बोलीत त्याला मांजरांचा पार्व्हो म्हणतात. काल उड्या मारणारं पिल्लू आज कोपऱ्यात बसतं. ताप, उलट्या, जुलाब. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पण पीत नाही. लस न झालेली लहान पिल्लं यात फार मोठ्या संख्येने दगावतात. आणि हे इतकं झटपट होतं की मालकाच्या मनात पहिला संशय येतो तो विषाचा. कुणीतरी काहीतरी खायला घातलं! शेजाऱ्यांशी भांडणं होतात. हा संशय आजचा नाही, विषबाधा समजण्याची चूक या आजाराच्या बाबतीत फार जुनी आहे.

१९२८ साली फ्रान्समधे व्हेर्ज आणि क्रिस्तोफोरोनी या संशोधकांनी दाखवलं की या आजारामागे जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार होणारं काहीतरी, म्हणजे विषाणू आहे. तरीही गोंधळ मिटला नाही. एकाच आजाराला जो तो आपल्याला दिसलेल्या लक्षणावरून नाव देत होता. कुणी मांजरांचा डिस्टेंपर म्हणे, कुणी सांसर्गिक आतड्याचा दाह. रक्त तपासणाऱ्यांना दिसत होतं की पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशाच झाल्यात, तर त्यांचं नाव तिसरंच. १९३९ साली अमेरिकेत विल्यम हॅमन आणि जॉन एंडर्स यांनी रक्तातला बदल, आतड्यातला बदल आणि विषाणू यांची सांगड घातली. हे एंडर्स म्हणजे पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवण्याच्या कामासाठी १९५४ चं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक. ही नावं एकत्र यायला अकरा वर्षं गेली, आणि तोवर एकाच रोगाची पिल्लं वेगवेगळ्या नावांनी मरत राहिली.

डगमगणारी पिल्लं

आता याच विषाणूचा दुसरा चेहरा बघू. तुमच्यापैकी काहींनी अशी पिल्लं पाहिली असतील. चालताना झोकांड्या खातात, वाटीपर्यंत जाताना डोकं थरथरतं, उडी मारायला जातात आणि भलतीकडेच पडतात. बघणाऱ्याला वाटतं, याला फार यातना होत असणार.

अशा मांजरांची नोंद १८८८ सालापासून आहे. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या अहवालात हेरिंगॅम आणि अँड्र्यूज या डॉक्टरांनी अशा दोन मांजरांबद्दल लिहिलं. तोल सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग, म्हणजे लहान मेंदू, त्यांच्यात बिघडलेला होता. पण का बिघडला? पुढची कित्येक दशकं उत्तर दिलं गेलं ते आनुवंशिकतेचं. रक्तातच दोष आहे, वंश खराब आहे, आईची पुढची वीणही अशीच निघणार.

१९६६ साली अमेरिकेतल्या डार्टमथच्या वैद्यकीय शाळेतले लॉरेन्स किल्हॅम आणि जॉर्ज मार्गोलिस यांनी दाखवलं की कारण विषाणू आहे, आणि तो आपला वरचाच, पॅनल्युकोपेनियाचा. याचं गणित असं. हा विषाणू भराभर विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. मोठ्या पिल्लात अशा पेशी आतड्यात आणि अस्थिमज्जेत असतात, म्हणून जुलाब होतात आणि पांढऱ्या पेशी घटतात. पण पोटातल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात लहान मेंदू घडत असतो. विषाणू त्या वेळी पोचला तर त्या मेंदूची वाढ अर्धवट राहते.

यातून काय बदललं बघा. दोष वंशाचा नव्हता, वेळेचा होता. नुकसान एकदाच होऊन गेलेलं असतं, ते वाढत जात नाही. पिल्लाला त्याचं दुखत नाही. अशी मांजरं डगमगत का होईना, पूर्ण आयुष्य जगतात. आणि आईला वेळेवर लस दिली तर हे टाळता येतं. १८८८ ते १९६६ म्हणजे ७८ वर्षं. या काळात ‘वंश खराब’ या निदानाने किती माद्या आणि किती पिल्लं संपवली गेली असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. निदान चुकीचं आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं, तर मोजणार कशाला?

एका घरातली मांजरं

१९६४ साली ग्लासगोच्या पशुवैद्यक शाळेत विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगामागे विषाणू असल्याचं प्रसिद्ध केलं. सुगावा लागला तो एका घरामुळे. एकाच घरातल्या अनेक मांजरांना हा कर्करोग होतोय, हे आधी लक्षात आलं होतं. कर्करोग काही शेजारच्याकडून लागत नाही, ही तेव्हाची समजूत. मग एकाच घरात इतक्या मांजरांना का? या प्रश्नातून फेलाइन ल्युकेमिया विषाणू सापडला. त्यालाच आपण एफईएलव्ही म्हणतो.

१९७३ साली विल्यम हार्डी यांनी त्याची रक्ततपासणी आणली. मग पद्धत पडली: तपासा आणि वेगळं काढा. ही पद्धत मूर्खपणाची होती असं आम्ही म्हणणार नाही. जिथे खूप मांजरं एकत्र राहतात तिथे लागण झालेली वेगळी काढल्यावर प्रसार खरोखर थांबला. पण वेगळं काढायचं तर ठेवायचं कुठे? जागा नाही, पैसा नाही, घ्यायला कुणी तयार नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी ‘वेगळं काढा’चा अर्थ झाला ‘इंजेक्शन देऊन संपवा’.

आणि पुढे हळूहळू कळलं ते असं. काही मांजरं या विषाणूला दाबून टाकतात. आज पॉझिटिव्ह असलेलं मांजर काही आठवड्यांनी निगेटिव्ह येऊ शकतं. उलट आजच लागण झाली असेल तर टेस्ट निगेटिव्ह येते आणि महिन्याने पॉझिटिव्ह. टेस्टने सांगितलं होतं की आज रक्तात विषाणूचं प्रथिन आहे. आपण ऐकलं की हे मांजर मरणार आहे.

आईने दिलेलं उत्तर

पुढची गोष्ट १९८६ ची. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी एके ठिकाणी बरीच मांजरं सांभाळली जात होती. त्यांची ल्युकेमियाची टेस्ट निगेटिव्ह, तरी एका कप्प्यातली मांजरं एकामागून एक आजारी पडत होती, मरत होती. सांभाळणाऱ्यांनी हे नीट पाहिलं, लक्षात ठेवलं आणि विद्यापीठाच्या दारात नेलं. नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोतो यांना तिथल्या मांजरांत नवा विषाणू सापडला, एचआयव्हीच्या जातकुळीतला. आज आपण त्याला एफआयव्ही म्हणतो.

१९८७ साली सायन्स नियतकालिकात आलेल्या त्यांच्या लेखातले दोन आकडे आम्हाला फार महत्त्वाचे वाटतात. आजारी दिसणाऱ्या २५ मांजरांपैकी १० मधे या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या, आणि निरोगी दिसणाऱ्या १८ पैकी फक्त एकात. संबंध उघड आहे. पण तोच आकडा उलटा वाचा. आजारी असलेल्या १५ मांजरांत त्या अँटिबॉडी नव्हत्या. आणि एक ठणठणीत मांजर पॉझिटिव्ह होतं. म्हणजे ‘आजारी म्हणजे पॉझिटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह म्हणजे आजारी’ ही दोन्ही समीकरणं शोधाच्या पहिल्या दिवसापासूनच पूर्ण खरी नव्हती. लेख वाचणाऱ्याला ते दिसत होतं. टेस्टची पट्टी हातात आल्यावर ते विसरायला झालं.

पिल्लांच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. एफआयव्हीची नेहमीची टेस्ट विषाणू शोधत नाही, अँटिबॉडी शोधते. आता अँटिबॉडी पिल्लात येतात कुठून? आईच्या पहिल्या दुधातून. आईला लागण झालेली असेल तर पिल्लू तिच्या अँटिबॉडी पिऊन पॉझिटिव्ह येतं, त्याला स्वतःला लागण झालेली नसली तरी. हे सहाएक महिन्यांपर्यंत टिकू शकतं. म्हणजे आपण पिल्लाला प्रश्न विचारतो आणि उत्तर आई देते. जी आई कोण, कुठली हे आपल्याला माहीतच नाही, ती!

२००२ साली अमेरिकेत एफआयव्हीची लस आली तेव्हा तर गुंता आणखी वाढला. लस घेतलेलं मांजरही त्या टेस्टवर पॉझिटिव्ह दिसू लागलं. एखादं पाळीव मांजर हरवलं, निवाऱ्यात पोचलं, तर लस आणि लागण यांतला फरक नेहमीच्या टेस्टला कळायचा नाही. पुढे ती लस तिथल्या बाजारातून गेली. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने मार्गदर्शनपर सूचनांमधे स्पष्ट लिहिलं की निव्वळ पॉझिटिव्ह टेस्ट हे मांजर मारण्याचं कारण होऊ शकत नाही. एफआयव्ही असलेली पुष्कळ मांजरं वर्षानुवर्षं धडधाकट जगतात, हे तोवर अनुभवाने कळलं होतं.

मेल्यावर पटणारं निदान

आता ज्या नावाने मांजरं सांभाळणाऱ्यांचा आजही थरकाप होतो, त्या एफआयपीकडे येऊ. बॉस्टनच्या एंजल मेमोरियल प्राणी रुग्णालयातल्या डॉक्टर जीन होल्झवर्थ यांनी १९६३ साली या आजाराचं वर्णन केलं. १९६६ साली वोल्फ आणि ग्रीझमर यांनी त्याला नाव दिलं, फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस. म्हणजे मांजरांच्या पोटाच्या आवरणाचा सांसर्गिक दाह. हे नाव दोन्ही अंगांनी दिशाभूल करणारं ठरलं. काही मांजरांच्या पोटात पाणी होतच नाही, आजार डोळ्यांत किंवा मेंदूत दिसतो. आणि सांसर्गिक म्हणावं, तर एका आजारी मांजराकडून दुसऱ्याला हा आजार जसाच्या तसा सहसा लागत नाही.

खरा प्रकार बराच नंतर उलगडला. मांजरांच्या आतड्यात राहणारा एक कोरोनाविषाणू आहे. जिथे मांजरं गर्दीने राहतात तिथे तो बहुतेकांना होऊन जातो, थोडे जुलाब होतात, बस. त्यातल्या थोड्याच मांजरांच्या शरीरात विषाणूत बदल होतो आणि त्यातून एफआयपी उभी राहते. अँटिबॉडीची टेस्ट मात्र १९७० च्या दशकातच आली होती. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लोकांनी वाचलं ‘एफआयपी’. खरं तर ती सांगत होती, या मांजराची कधीतरी कोरोनाविषाणूशी गाठ पडली आहे. गर्दीतल्या बहुतेक मांजरांची पडतेच. या एका वाचनाच्या चुकीपायी धडधाकट मांजरंही मारली गेली, आणि पेडरसनसारखे तज्ज्ञ त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिले.

खात्रीचं निदान होतं, पण ते ऊतींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून. बहुधा शवविच्छेदनानंतर. एक सोपी चाचणी मात्र कामी आली. रिवाल्टा नावाच्या इटालियन डॉक्टरांनी ती माणसांच्या छातीपोटातल्या पाण्यासाठी शोधली होती. नळीत शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात अ‍ॅसेटिक आम्लाचा थेंब टाकायचा आणि वर पोटातल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब विरघळला तर एफआयपीची शक्यता कमी. थेंब आकार धरून राहिला तर संशय वाढतो, पण सिद्ध काही होत नाही, जिवाणूंच्या संसर्गातही असं होतं. नाही म्हणायला चांगली, हो म्हणायला कच्ची. अशा टेस्ट कमी महत्त्वाच्या नसतात, फक्त त्यांची मर्यादा माहीत असावी लागते.

मग २०१९ साली पेडरसन आणि सहकाऱ्यांनी जीएस-४४१५२४ या औषधाचे निष्कर्ष छापले. एफआयपी झालेली ३१ मांजरं. पाच सुरुवातीलाच गेली. २६ नी किमान १२ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला, काहींना पुन्हा द्यावा लागला, आणि त्यांतली २५ दीर्घकाळ जगली. जो आजार जवळजवळ शंभर टक्के मारक समजला जायचा, त्याचं हे चित्र! पण मांजरांसाठी औषधाचा परवाना नव्हता, त्यामुळे जगभर लोकांनी ते चोरट्या बाजारातून मागवलं आणि एकमेकांना डोस सांगून घरी इंजेक्शनं दिली. कायदेशीर मार्ग ब्रिटनमधे २०२१ साली उघडला, अमेरिकेत २०२४ साली. २०२३ साली सायप्रसमधे मांजरांत मोठी साथ आली तेव्हा तिथल्या सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली.

उपचार आल्यावर निदानाचा अर्थच बदलला. पूर्वी एफआयपीचा नुसता संशय म्हणजे शेवट. आता काही वेळा डॉक्टर म्हणतात, औषध देऊन बघू, काही दिवसांत ताप उतरला तर निदान बरोबर. ही देखील पूर्ण खात्री नव्हे. पण इथे चूक झाली तर पिल्लू हातात जिवंत असतं. आधीच्या चुकीत ते नसायचं.

मग आपण काय घ्यायचं?

या सगळ्यात खलनायक कुणी नाही. टेस्ट करणारे खोटं बोलत नव्हते, निवारे चालवणारे निर्दय नव्हते. वीस पिल्लं, दोन पिंजरे आणि महिनाअखेर, या परिस्थितीत ‘नक्की सांगता येत नाही’ हे उत्तर कुणालाच परवडत नाही. म्हणून पट्टीवरची रेघ निकाल होऊन बसते.

पण इतिहास दुसरंही दाखवतो. ग्लासगोचा शोध असो की पेटालुमाचा, पहिला धागा प्रयोगशाळेत सापडला नाही. आपल्या मांजरांना काय होतंय हे ज्यांनी रोज पाहिलं, कोण कुणाबरोबर राहत होतं हे ज्यांच्या लक्षात राहिलं, त्यांच्यामुळे तो सापडला. ज्या पिल्लाला हिस्टरी नाही, त्याची हिस्टरी तुम्ही उचलून आणता त्या दिवसापासून सुरू होते. ती लिहिणारे तुम्ही. साधी वही पुरते. सापडल्याची तारीख आणि जागा, रोजचं वजन, खाणं, शी, कोणती टेस्ट कधी झाली, आणि तेव्हा पिल्लू अंदाजे किती आठवड्यांचं होतं. दुसरं पिल्लू आणलंत तर दोघांना काही दिवस वेगळं ठेवा.

आणि रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एवढंच विचारा: या टेस्टने नेमकं काय शोधलं, विषाणू की अँटिबॉडी? ही पुन्हा कधी करायची? तोपर्यंत याला काय द्यायचं? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. बहुतेक डॉक्टरांना या प्रश्नांनी बरंच वाटतं, कारण ‘थांबून बघू’ असं म्हणायची मोकळीक त्यांना मिळते.

आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी पिल्लाच्या टेस्टबद्दल कळवलं होतं त्यांनी आधी विचारावं, बाकीचे थोडे थांबतील.